वेगमापकाची साक्ष

प्रवासास निघालेल्या मनुष्याच्या मनांत दोन प्रश्न सदैव घोळत असतात: आपण किती दूर आलों, आणि किती वेगानें चाललों आहों? यांपैकीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर मनुष्यानें फार प्राचीन काळींच शोधून ठेविलें होतें. दुसऱ्याचें उत्तर चालत्या गाडींत बसल्याबसल्या, खिशांतलें घड्याळ न काढतां मिळूं लागलें, त्यास मात्र अवघीं सव्वाशे वर्षें होत आहेत. ज्या यंत्रानें हें उत्तर दिलें त्यास विद्वान् मंडळी वेगमापक म्हणतात, मोटारीचे मालक स्पीडोमीटर म्हणतात, आणि गॅरेजांतला मिस्त्री नुसतें 'मीटर' म्हणून मोकळा होतो.

जुन्या मोटारीच्या अवयवांत हें मीटर सर्वांत उपेक्षित होय. एंजिन बिघडलें तर गाडी जागची हलत नाहीं. ब्रेक गेला तर जिवावर बेततें. मीटर बंद पडलें तर वरवर पाहतां कांहींच अडत नाहीं. कांटा शून्यावर निजून राहतो आणि गाडी बिनबोभाट धांवते. त्यामुळें वर्षानुवर्षें बंद मीटर घेऊन फिरणाऱ्या गाड्या आपण पाहतों. परंतु बंद पडलेला साक्षीदार निदान खोटें तरी बोलत नाहीं. कांटा चाळीसावर दाखवून गाडी पन्नासानें नेणारें मीटर हें त्याहून वाईट. कारण त्यावर विश्वास ठेवणारा मनुष्य आपण सावध आहों अशा समजुतीनेंच असावध होतो. या साक्षीदाराचें कुलवृत्त, त्याच्या खोटेपणाचीं कारणें, आणि त्यास पुन्हां खरें बोलावयास लावण्याची रीत, यांचा विचार आम्ही येथें करणार आहों. तो नागपुरांत बसून करण्यांत विशेष औचित्य आहे. अंतर मोजण्याच्या विद्येचा या नगराशीं व त्याच्या आसमंताशीं जुना आणि जिव्हाळ्याचा संबंध आहे.

आपल्या पूर्वजांचें अंतराचें माप कोस हें होतें, आणि कोसाची लांबी ठिकठिकाणीं निराळी असे. वाटसरूचें काम त्यानें भागे. राज्यकर्त्याचें व सैन्याचें भागत नसे. चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजण्याची युक्ति पाश्चात्यांस प्राचीन काळींच सुचली होती. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यशास्त्रज्ञ विट्रुव्हिअस यानें एका गाडीचें वर्णन करून ठेविलें आहे. तिच्या चाकाचे चारशें फेरे झाले, म्हणजे रोमन मैल पुरा होई, आणि दांत्यांच्या चक्रांच्या योगानें एक खडा धातूच्या भांड्यांत पडे. सायंकाळीं खडे मोजले कीं दिवसाची मजल समजे. चीनमध्यें अशाच गाडीवर एक लांकडी बाहुलें असे, व तें ठराविक अंतर कापल्यावर नगाऱ्यावर टिपरूं मारी. आजच्या मोटारींत कांट्याखालीं सरकणारे आंकडे या खड्यांचेच वंशज होत.

कंपनी सरकारच्या अमदानींत हीच युक्ति हिंदुस्थानांत आली. एक मोठें चाक, त्यास लांब दांडा, आणि फेरे मोजणारी तबकडी, अशी त्या यंत्राची रचना असे. एक मनुष्य तें रस्त्यानें ढकलीत नेई आणि मागाहून येणारा अधिकारी तबकडीवरील आंकडे वहींत उतरून घेई. लष्कराच्या वाटांचे कित्येक नकाशे या चाकानेंच तयार झाले. परंतु चाकांत एक जन्मजात दोष आहे. तें वाट मोजतें. दोन स्थळांमधील सरळ अंतर मोजीत नाहीं. प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा, प्रत्येक चढउतार त्याच्या हिशेबांत जमा होतो. हा दोष टाळण्यासाठीं विल्यम लँब्टन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ एक पायारेषा पोलादी साखळीनें अत्यंत काळजीपूर्वक मोजली, आणि पुढें त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकला. हाच पुढें ग्रेट ट्रिगॉनोमेट्रिकल सर्व्हे या नांवानें प्रसिद्धीस आला. वीस वर्षें हें काम करून नागपूरच्या वाटेवर असतांना २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें लँब्टन मरण पावला. त्याची समाधि तेथेंच आहे. ज्यानें दक्षिण हिंदुस्थानची लांबी मोजली, त्याची स्वतःची मजल वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातींत संपली. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्ट यानें तें काम हातीं घेतलें.

त्याच मोजणी खात्याची दुसरी खूण खुद्द नागपुरांत आहे. सीताबर्डीच्या नजीक 'झीरो माइल' म्हणून जो दगडी स्तंभ व चार घोडे आहेत, ते पाहिले नाहींत असा नागपूरकर विरळा. हा हिंदुस्थानचा मध्यबिंदु, अशी लोकांची समजूत आहे. तथापि स्तंभाजवळच्या लहान दगडावर जें कोरलें आहे तें निराळें आहे: तो १९०७ सालचा स्टँडर्ड बेंच मार्क, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची कायम करणारी खूण होय. अंतरें आहेत तीं स्तंभाच्या बैठकीवर: शिवनी ७९ मैल, जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल, इत्यादि. म्हणजे एकाच ठिकाणीं उंचीचें प्रमाण व अंतराचें प्रमाण शेजारीं शेजारीं उभें आहे. मीटरच्या दुरुस्तीशीं याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो असा कीं, फिरतें माप खरें कीं खोटें हें ठरविण्यास न हलणारें माप लागतें. रस्त्याच्या कडेचा दगड नसता, तर मोटारींतल्या यंत्राची परीक्षा करावयास आपणांस कांहींच साधन राहिलें नसतें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. पायीं, घोड्यावर किंवा बैलगाडींतून जाणाऱ्यास वेगाचा नेमका आंकडा कधीं लागलाच नाहीं. 'दिवसाकांठीं इतके कोस' एवढा हिशेब त्यास पुरे. आगगाडीनें ही स्थिति पालटली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फांटा १८६७ सालीं नागपुरास पोंचला, आणि बैलगाडीच्या दमाणी प्रवासाची संवय असलेल्या लोकांस वेग म्हणजे काय हें प्रथमच अंगानें कळलें. रुळांच्या कडेचे मैलांचे खुंट आणि हातांतलें घड्याळ, एवढ्यावर चौकस उतारू वेगाचें गणित करूं लागले. विलायतेंत चार्ल्स बॅबेज या गणित्यानें १८३९ च्या सुमारास ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या एका डब्यांत यंत्रें बसवून धांवत्या गाडीचे आलेख लांबच लांब कागदावर उमटविले होते. परंतु तें काम शास्त्रज्ञाचें. नित्याच्या वापराचें नव्हे.

नित्याच्या वापराची निकड मोटारीमुळें, आणि त्याहूनहि कायद्यामुळें उत्पन्न झाली. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें मोटारीस ताशीं वीस मैलांची मर्यादा घातली. झुडुपाआड घड्याळ घेऊन बसलेला पोलीस म्हणे, गाडी तिसानें येत होती. चालविणारा म्हणे, मुळींच नाहीं. हा तंटा तोडण्यास गाडींतच एक साक्षीदार हवा होता. आपल्याकडेहि १९१४ सालीं सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाकरितां मोटारगाड्यांचा कायदा झाला, त्याची जागा १९३९ च्या कायद्यानें घेतली, आणि तोहि जाऊन १९८८ चा कायदा आला. त्याखालीं केलेल्या १९८९ च्या नियमांनीं वेगमापक आवश्यक ठरविला आहे.

हा साक्षीदार ज्यानें निर्माण केला त्याचें नांव ओटो शुल्झे. स्ट्रासबर्ग येथील या एंजिनियरानें ७ ऑक्टोबर १९०२ रोजीं बर्लिन येथें आपल्या युक्तीचें पेटंट नोंदविलें. तिचें मूळ त्याहून जुनें आहे. फ्रान्समधील आरागो यास १८२४ सालीं असें आढळलें कीं, तांब्याची चकती फिरविली असतां तिच्यावर टांगलेली चुंबकसूचि तिच्यामागें ओढली जाते. वस्तुतः तांब्यास चुंबक ओढीत नाहीं. या चमत्काराचा उलगडा १८३१ नंतर फॅरडेनें केला. चुंबक व धातु यांपैकीं एक हलूं लागलें, म्हणजे धातूंत विजेचे लहान लहान भोंवरे उत्पन्न होतात, व ते त्या हालचालीस विरोध करितात. आरागोनें जें कोडें म्हणून पाहिलें, त्यास शुल्झेनें सत्तर-ऐशीं वर्षांनीं चाकरीस लाविलें.

जुन्या गाडीचें मीटर उघडून पाहिलें, तर ही सर्व विद्या मुठीएवढ्या डबींत भरलेली दिसते. गिअरपेटीच्या शेंपटाशीं एक लहान दांतेरी चक्र असतें. तें चाकांच्या प्रमाणांत फिरतें, आणि पोलादी तारांच्या पिळाची एक लवचिक केबल फिरवितें. ही केबल एका आवरणांतून फिरत फिरत कांट्यामागील डबीपर्यंत येते. डबींत तिच्या टोकास चुंबक जोडलेलें असतें. चुंबकाभोंवतीं ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. ती त्यास शिवत नाहीं. चुंबक फिरलें कीं विजेच्या भोंवऱ्यांमुळें वाटीहि त्यामागें फिरूं पाहते, परंतु केसासारखी बारीक कमान तिला मागें ओढून धरते. जितका वेग अधिक, तितकी ओढ अधिक. आणि कमानीचा ताणहि तिच्या वळण्याच्या प्रमाणांतच वाढतो. म्हणून तबकडीवरचे आंकडे सारख्या अंतरावर पडतात. वाटीच्या आंसास कांटा बसविला, कीं वेगमापक झाला. त्याच केबलवरून निराळ्या चक्रमालेनें मैलांचे आंकडेहि फिरतात. अमेरिकन गाड्यांत बहुधा केबलचे एक हजार फेरे झाले म्हणजे एक मैल होतो. विलायती गाड्यांत ही संख्या गाडीगणिक निराळी असून ती पुष्कळदां तबकडीच्या तळाशीं बारीक आंकड्यांत छापलेली आढळते.

स्वातंत्र्यापूर्वीं नागपुरांत धांवणाऱ्या गाड्या विलायती किंवा अमेरिकन घडणीच्या असत. पुढें वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या मुंबईंतील कुर्ला येथील कारखान्यांतून फियाट, आणि कलकत्त्याजवळील उत्तरपाड्याहून ॲम्बॅसडर येऊं लागली. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या घरीं याच दोन गाड्या एकेक पिढी नांदल्या. या सर्वांचें मीटर वर सांगितलेल्या जातीचेंच होतें. मध्यम वर्गाच्या घरांत स्कूटर आली, तेव्हां तिच्या पुढच्या चाकापासून निघालेल्या केबलीनें हेंच तत्त्व दारोदार पोंचविलें. रस्त्यांचा इतिहासहि याच काळांत नागपुराशीं जोडला गेला. डिसेंबर १९४३ मध्यें सर्व प्रांतांच्या मुख्य एंजिनियरांची परिषद् येथें भरली, आणि राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्ह्याचे रस्ते व गांवरस्ते अशी वर्गवारी करून वीस वर्षांची योजना आंखली गेली. ती 'नागपूर योजना' या नांवानेंच ओळखली जाते. लागवडीच्या मुलखांतील कोणतेंहि खेडें मुख्य रस्त्यापासून पांच मैलांपेक्षां दूर राहूं नये, असा तिचा एक उद्देश होता.

मग १९५६ सालीं वजनमापांचा नवा कायदा झाला, आणि १९५८ पासून दशमान पद्धति टप्प्याटप्प्यानें अमलांत आली. रस्त्याच्या कडेचे मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. परंतु जुन्या गाडीची तबकडी मैलांतच बोलत राहिली. पांच मैल म्हणजे आठ किलोमीटर, हा हिशेब त्या पिढीस तोंडपाठ झाला होता. आजहि जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें प्रथम हेंच पाहावें कीं तबकडी कोणत्या भाषेंत बोलते. मैलांतील चाळीसास किलोमीटरचे चाळीस समजणारा मनुष्य वस्तुतः चौसष्टानें जात असतो, आणि दोष मीटरच्या माथीं मारतो.

आतां खऱ्या बिघाडाविषयीं. येथें मिस्त्रीनें वकिलाप्रमाणें वागावें: साक्षीदारास खोटा ठरविण्यापूर्वीं त्याची उलटतपासणी करावी. सुदैवानें या डबींत साक्षीदार दोन आहेत, कांटा व आंकडे. आणि दोघांचे जबाब ताडून पाहिले कीं दोष कोठें आहे तें बहुधा उघड होतें. कांटा व आंकडे दोन्हीं बंद असतील, तर दोष दोघांच्या समाईक वाटेवर, म्हणजे केबलींत किंवा गिअरपेटीजवळच्या चक्रांत शोधावा. मीटरमागील केबल सोडून एकानें गाडी हळूहळू ढकलावी व दुसऱ्यानें तारेचें चौकोनी टोक पाहावें. टोक फिरत असेल, तर केबल निर्दोष असून डबींतील आंस जखडला आहे, किंवा झिजलेलें टोक आपल्या खोबणींत घसरतें आहे. फिरत नसेल, तर केबल तुटली आहे किंवा खालचें चक्र गेलें आहे. आंकडे चालतात पण कांटा निजला आहे, तर दोष वाटी, कमान किंवा कांटा यांचा. कांटा चालतो पण आंकडे थिजले आहेत, तर डबींतील लहान दांतेरी चक्रांचा. कांटा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडली आहे, तिला मोड आला आहे, किंवा तिचें आवरण कोठेंतरी फार तंग वळविलें आहे. कांटा वर चढून तेथेंच चिकटत असेल, तर डबींत तेल शिरलें आहे असें समजावें.

सर्वांत सूक्ष्म प्रकार निराळाच. दोन्हीं चालतात, परंतु सांगतात तें खोटें. येथेंहि दोघांचे जबाब उपयोगीं पडतात. कांटा व आंकडे एकाच प्रमाणांत चुकत असतील, तर मीटर निरपराधी आहे; टायरचा आकार, आंसाचें दांतेरी प्रमाण किंवा गिअरपेटीजवळचें चक्र पूर्वीं कोणीतरी बदललें आहे. आंकडे खरे आणि कांटा तेवढा खोटा असेल, तर चुंबक निर्बल झालें आहे किंवा कमान बिघडली आहे. हा भेद ध्यानांत न घेतां जो मनुष्य थेट डबी उघडतो, त्याची गत 'आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं' अशी होते.

दुरुस्तींत केबलीचा मान पहिला, कारण बहुतेक तक्रारी तिच्याच असतात. आंतील तार ओढून काढावी, रॉकेलनें धुवावी, पुसून कोरडी करावी. मग तिचा सैल फांस करून दोन्ही टोकें बोटांत धरून सावकाश फिरवावी. ती उडी मारीत असेल, तर तिला मोड आहे. अशी तार सरळ करण्याच्या भानगडींत न पडतां बदलावी. चांगली असेल, तर खालच्या दोनतृतीयांश भागास ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि मीटरकडील टोक कोरडें ठेवावें. या एका नियमाच्या अवहेलनेनें जितकीं मीटरें बिघडलीं, तितकीं झिजेनेंहि बिघडलीं नसतील. पिळाची तार फिरतां फिरतां ग्रीस वर चढविते, तें डबींत शिरतें, आणि वाटी व चुंबक यांना एकत्र चिकटवितें. आवरण परत बसवितांना कोठेंहि सहा इंच त्रिज्येपेक्षां तंग वळण येऊं देऊं नये. नवी तार वरचेवर तुटत असेल, तर तारेस दोष देऊं नये. वर डबींतील आंस जड झाला आहे, आणि तार त्याचा बळी पडते आहे.

डबीचें काम घड्याळजीच्या हाताचें आहे, आणि त्यांत नवल नाहीं. लंडनचें स्मिथ घराणें प्रथम घड्याळांचा धंदा करी, आणि मग वेगमापकांकडे वळलें. आंसाच्या बुशास घड्याळाच्या तेलाचा एक थेंब पुरे. वाटी, चुंबक व कमान यांना तेलाचा स्पर्शहि होऊं देऊं नये. तबकडीवरील आंकडे पुसण्याचा मोह आवरावा, कारण जुना रंग चिंधीबरोबर निघून येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें केलेल्या कांहीं तबकड्यांवर अंधारांत दिसण्यासाठीं रेडिअमयुक्त रंग लावीत. रंगाची चमक मेली तरी रेडिअमचें तेज मरत नाहीं. तें निम्में होण्यासहि सोळाशें वर्षें लागतात. अशी तबकडी खरवडूं नये, आणि तिची धूळ श्वासाबरोबर आंत घेऊं नये.

टायर किंवा चक्रें बदललेल्या गाडीसाठीं एक सोपें गणित आहे. गाडी सरळ ढकलून मागच्या चाकाचे सहा फेरे पुरे करावे, आणि तेवढ्या अवधींत केबलीचें टोक किती वेळां फिरलें तें मोजावें. चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचें अंतर इंचांत घ्यावें. फेऱ्यांच्या संख्येस १६८० नें गुणून त्या इंचांनीं भागिलें, म्हणजे एका मैलास केबलीचे किती फेरे होतात तें निघतें. उदाहरणार्थ, केबल नऊ वेळां फिरली आणि अंतर बारा इंच भरलें, तर उत्तर १२६० येतें. तबकडीवर हाच किंवा याच्या जवळचा आंकडा छापलेला असेल, तर खालील सर्व यंत्रणा बरोबर आहे. १६८० ही संख्या मंत्राची नव्हे. मैलाचे ६३,३६० इंच असतात. त्यांस चाकाच्या परिघानें, म्हणजे त्रिज्येच्या सुमारें सव्वासहा पटीनें भागिलें, आणि मग सहा फेऱ्यांचा हिशेब केला, कीं तीच हातीं येते.

नागपूरच्या उन्हाळ्याची एक खास गोष्ट येथें सांगितली पाहिजे. येथें वैशाखांत पारा ४५ अंशांच्याहि वर जातो, आणि बंद गाडीच्या कांचेआड तो आणखी चढतो. धातु तापली कीं तिचा विजेस होणारा विरोध वाढतो. ॲल्युमिनियमची वाटी २५ अंशांनीं तापली तर तो सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतो. त्या मानानें भोंवरे क्षीण होतात आणि कांटा खरें त्याहून कमी दाखवूं लागतो. म्हणून चांगल्या मीटरांत चुंबकास एका विशिष्ट मिश्रधातूची पट्टी जोडितात. थंडींत ती चुंबकाचा कांहीं प्रभाव स्वतःकडे वळवून घेते आणि उन्हांत तो सोडून देते, त्यामुळें तोल साधतो. ही पट्टी निरुपयोगी समजून काढून टाकणाऱ्या दुरुस्तीनें मीटर पौषांत खरें आणि वैशाखांत खोटें बोलूं लागतें.

दुरुस्ती झाली, तरी निकाल रस्त्याच्या दगडानेंच द्यावयाचा. सकाळच्या निवांत वेळीं, मोकळ्या सरळ हमरस्त्यावर, एकानें गाडी चालवावी व शेजारच्यानें घड्याळ धरावें. कांटा पन्नास किलोमीटरवर स्थिर ठेवून पांच किलोमीटर जावें. कांटा खरा असेल, तर बरोबर सहा मिनिटें लागतात. एकाच किलोमीटरवर विसंबूं नये, कारण रुंदीकरणांत दगडहि जागचे हलतात. शंका राहिली तर आतां आकाशांतील उपग्रहांवरून वेग सांगणारें साधन प्रत्येकाच्या खिशांत आहे, त्याचीहि साक्ष घ्यावी. पूर्ण अचूकपणाची अपेक्षा मात्र ठेवूं नये. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालीं ठरलेल्या नियमाप्रमाणें कांट्यानें खऱ्या वेगाहून कमी कधींच दाखवूं नये; मोटारीच्या बाबतींत अधिक दाखविल्यास दहा टक्के व वर चार किलोमीटर इतकी सवलत आहे. म्हणजे खरा वेग ८० असतां ९२ पर्यंतचा आंकडा क्षम्य होय, ७९ मात्र अक्षम्य. सावधपणाच्या बाजूनें झुकलेली चूक एक वेळ चालेल. धाडसाच्या बाजूनें झुकलेली चालणार नाहीं, हें यांतील शहाणपण आहे.

येथपर्यंत यंत्राचा विचार झाला. आतां मनुष्याचा. आंकड्यांची माळ दुरुस्तीसाठीं हातीं आली, म्हणजे ती मागें फिरविणें फार सोपें असतें. जुन्या गाड्यांच्या बाजारांत हें पाप नवें नाहीं. ऐशीं हजार मैल धांवलेली गाडी क्षणांत तीस हजारांची होते, आणि भरवंशानें घेणारा फसतो. शिवाय पुष्कळ जुन्या मीटरांत पांचच घरें असतात. ९९,९९९ नंतर सर्व आंकडे पुन्हां शून्यावर येतात, आणि वृद्ध गाडी अर्भकाचें वय सांगूं लागते. प्रामाणिक दुरुस्तीकारापुढेंहि येथें खरा पेंच असतो. दहा वर्षें बंद असलेले आंकडे सुरू करितांना ते होते तेथूनच चालवावे, शून्यावर आणावे, कीं अंदाजानें पुढें ढकलावे? आमचें मत असें कीं, होते तेथूनच चालवावे. अंदाज कितीहि सद्हेतूचा असला तरी यंत्राच्या तोंडीं घातलेली ती मनुष्याची साक्ष होय. मीटर कधीं बंद पडलें, कधीं दुरुस्त झालें, त्या वेळीं आंकडा काय होता, हें गाडीच्या कागदांत तारखेसह लिहून ठेवावें. इतिहासकार फाटक्या बखरींतील गहाळ पानें स्वतः लिहून भरीत नाहीं. तो 'येथें पानें नाहींत' एवढें नमूद करितो. गाडीच्या बाबतींतहि तोच धर्म पाळला पाहिजे.

केबलीचें मीटर आतां नव्या गाड्यांतून गेलें. गिअरपेटीजवळ किंवा चाकाजवळ विद्युत्‌संवेदक बसतो, व तारेंतून फेऱ्यांऐवजीं संकेत जातात. आंकडे मागें नेण्याचें पाप तेथेंहि सुटलेलें नाहीं. फक्त पेंचकसाच्या जागीं संगणक आला आहे. नव्या यंत्राचा अचूकपणा निःसंशय अधिक. परंतु त्याच्या पोटांत काय चाललें आहे तें मालकास पाहतां येत नाहीं, आणि बिघडलें तर अख्खें बदलण्यावांचून बहुधा गत्यंतर नसतें. जुन्या मीटरची थोरवी त्याच्या अचूकपणांत नव्हती. त्याची चूक सामान्य शिकलेल्या मनुष्यास समजे, त्याची उलटतपासणी दगड, घड्याळ व त्रैराशिक यांच्या बळावर करितां येई, आणि रॉकेल, ग्रीस व धीर एवढ्या भांडवलावर तें सुधारतांहि येई. फेरे मोजून १६८० चा हिशेब करणाऱ्या मुलास परिघ, प्रमाण आणि सरासरी या गोष्टी जन्मभर विसरत नाहींत.

म्हणून ज्यांच्या घरीं जुनी फियाट, ॲम्बॅसडर किंवा आजोबांची स्कूटर अद्याप उभी आहे, त्यांस आमची विनंति एवढीच कीं, तिचें मीटर बंद राहूं देऊं नये. तें सुरू करण्यास खर्च थोडा लागतो. मात्र केबल सोडून, धुवून, मोजून पाहण्याचें काम मुलांस जवळ बसवून करावें. जें यंत्र आपणांस तपासतां येतें, त्यावर विश्वास ठेवण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होतो. जें तपासतां येत नाहीं, त्यावर आपण केवळ अवलंबून राहतों. या दोन स्थितींतील अंतर कोणत्याहि मीटरवर उमटत नाहीं, पण तें फार मोठें आहे.